मदत हवी आहे: बर्बनवाल्याने पहिली स्कॉच कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहतो आणि बरीच वर्षं बर्बनच (मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की) पितो. घरी वाइल्ड टर्की १०१ नाहीतर इव्हान विल्यम्सची पांढऱ्या लेबलची. दोन्हींत अल्कोहोल ५० टक्क्यांच्या आसपास आणि खिशाला परवडणाऱ्या. मक्याचा गोडवा, आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातून उतरलेला व्हॅनिलाचा वास, चमचाभर पाणी घातलं की तो आणखी खुलतो. मला हे मनापासून आवडतं.

आता स्कॉच समजून घ्यायची आहे. बऱ्याचशा स्कॉच बर्बनच्याच वापरलेल्या पिंपांत मुरतात, म्हणून ग्लेनमोरंजी ओरिजिनल किंवा मंकी शोल्डर डोक्यात आहे. पण ४०-४३ टक्के म्हणजे माझ्या जिभेला पातळ लागेल का? ॲरन १० ही ४६ टक्क्यांची आहे, तिच्यासाठी जास्त पैसे मोजावेत का?

मित्राकडे लॅफ्रोएग ही स्कॉच चाखली. धूर आणि आयोडीनसारखा तो वास आवडला, पण अख्खी बाटली एवढ्यात नको. (तीही मेकर्स मार्क या बर्बनच्या पिंपांत मुरते म्हणे, त्यामुळे कुतूहल मात्र वाढलंय.)

बजेट ५० डॉलरपर्यंत. लेबलवरचं '१२ वर्षं' बघून घ्यावं, की वय न लिहिलेल्यांतही चांगला माल मिळतो? शेरीच्या (स्पॅनिश वाइनच्या) पिंपातली आधी घ्यावी की नंतर?

दोन्ही पिणाऱ्यांनी नुसतं नाव नको, कारणही सांगा. डिसेंबरात पुण्याला जाताना बाबांसाठीही त्यातलीच एक न्यायची आहे.