भोरड्या तिकडे टोळ खातात, मग इथे जोंधळाच का?

पांगारा_मुलुंड:
आमच्या सोसायटीमागे पांगारा आहे. फेब्रुवारीत फुलला की भोरड्यांचा, म्हणजे गुलाबी मैनांचा, नुसता गलका. परवा बघत उभी होते, तर शेजारचे काका म्हणाले, हे पक्षी कझाकस्तानातून येतात आणि टोळ खावेत म्हणून तिकडे त्यांना मुद्दाम घरटी बांधून देतात. मला काही पटेना. माझं माहेर मंगळवेढ्याचं. मालदांडी ज्वारी हुरड्यात आली की आमचे आण्णा गोफण आणि पत्र्याचा डबा घेऊन उजाडायच्या आत माळ्यावर. थवा एकदा बसला की कणसात दाणा उरायचा नाही. त्याच पक्ष्याचा तिकडे पाहुणचार? कोणी नीट सांगेल का?

कीटकमित्र_डोंबिवली:
ताई, काकांचं बरोबर आहे. फक्त घरटी बांधतात ती सीमेपलीकडे, चीनच्या शिनजियांगमध्ये. १९८० च्या दशकापासून तिथल्या कुरणांत दगडांचे ढीग रचतात, फटी ठेवून भिंती उभारतात. भोरडीला घरट्यासाठी कपार लागते. नुसते टोळ असून भागत नाही. मे-जूनमध्ये हजारोंची वसाहत बसते, नेमके टोळ वाढीला लागलेले असतात तेव्हा, आणि पिल्लांच्या चोचीत दिवसभर टोळ-नाकतोडेच पडतात. ज्या वर्षी टोळ कमी, त्या वर्षी वसाहत दुसरीकडे.

पिल्लं उडाली की थवे आपल्याकडे निघतात. इथे भरवायला पिल्लू नाही, मग वड-पिंपळाची फळं, पांगारा-सावरीचा मध, जोंधळा, जे मिळेल ते. आण्णांच्या रानात त्या नाकतोडे आणि अळ्याही वेचतात, पण ते माळ्यावरून दिसत नाही.

सावर_ऐरोली:
मग १९९९-२००० मध्ये कझाकस्तानात टोळ एवढे माजले कसे? पक्षी तर होतेच ना?

कीटकमित्र_डोंबिवली:
होते, पण जमीन बदलली होती. सोव्हिएत संघ फुटल्यावर गव्हाची लाखो हेक्टर शेतं पडीक राहिली. नांगर फिरेना, तण माजलं, आणि तिथल्या ‘इटालियन टोळ’ नावाच्या जातीला अंडी घालायला न हललेली माती मिळाली. २००० साली सुमारे ८० लाख हेक्टरांवर फवारणी करावी लागली. एवढा उद्रेक पक्ष्यांच्या आवाक्यातला नाही. त्यांचा उपयोग टोळ विरळ असतानाच, संख्या दाबून ठेवायला. आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की सरसकट फवारलं की वसाहतीचं अन्नच मरतं. म्हणून पंख न फुटलेल्या पिल्लटोळांवर मेटारायझियम बुरशी वापरावी, असं माझं ठाम मत आहे. टोळ मरायला आठ-पंधरा दिवस लागतात, पण पक्षी सुरक्षित राहतात.

पांगारा_मुलुंड:
दादा, मनापासून आभार. आण्णांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, आपण उसातल्या हुमणी अळीला शेणखतातून देतो तेच का हे मेटारायझियम?

कीटकमित्र_डोंबिवली:
भावकीतलंच, पण जात वेगळी. हुमणीला ॲनिसोप्ली, टोळांना ॲक्रिडम. आण्णांना माझा नमस्कार सांगा.