कारखाने भरले, म्हणून चिप बाहेरून करून घ्यायच्या?

सिलिकॉनवेडा: स्वतःचे फॅब, म्हणजे चिपचे कारखाने, भरले की उरलेल्या ऑर्डरी फाउंड्रीकडे, म्हणजे इतरांच्या चिप करून देणाऱ्या कंपनीकडे, वळवाव्यात, त्यात विचार कसला, असे येथे काल एकाने लिहिले. छापखाना बदलण्याइतके हे सोपे नाही. डिझाइन एका विशिष्ट प्रक्रियेसाठीच बेतलेले असते. धातूच्या थरांचे नियम पुन्हा जुळवून, नवे मास्क (चिपवर नक्षी उमटवणाऱ्या काचा) काढून, चाचण्या पार पडेपर्यंत वर्ष सहज उलटते आणि तोवर मागणी ओसरलेली असू शकते. 2018 मध्ये 14 नॅनोमीटर या प्रक्रियेच्या चिपचे उत्पादन अपुरे पडले, तेव्हा इंटेलने स्वतःच्याच कारखान्यांत सुमारे 1 अब्ज डॉलर अधिक ओतले, ते काही हौसेने नव्हे.

मास्कवाला: तो शेरा माझाच. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याचे उदाहरण आपण देत आहात. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या आपल्या उत्पादनाला जोड हवी म्हणून इंटेलची स्पर्धक एएमडी हिने सिंगापूरच्या चार्टर्ड या फाउंड्रीशी 2004 मध्येच करार केला आणि 2006 मध्ये तेथून माल मिळू लागला.

सिलिकॉनवेडा: म्हणजे करारानंतरही वर्षाहून अधिक काळ गेला, हे आपणच सिद्ध केलेत. आभारी आहे.

चौकस: दोघेही ग्राहकाला विसरलात. 2015 मध्ये ॲपलने आयफोनची ए9 ही चिप सॅमसंग आणि तैवानची टीएसएमसी या दोघांकडून करून घेतली, तेव्हा बॅटरी किती टिकते यावरून केवढा गहजब झाला! फरक 2 ते 3 टक्केच असल्याचे कंपनीने सांगितले, पण आपल्या वाट्याला कोणती चिप आली हे खोक्यावर का छापू नये?

मास्कवाला: खोक्याचा येथे काय संबंध?

सुईदोरा: संबंध आहे. मी चिप-चाचणी विभागात होते. एकच चिप दोन कारखान्यांतून येत असे. एकीकडच्या वेफरच्या (ज्यावर चिप घडतात त्या सिलिकॉनच्या चकतीच्या) कडेवरील चिप 85 अंशांवर नापास होत, दुसरीकडच्या होत नसत. तीन आठवडे आम्ही चाचणी यंत्राच्या, चिपला टेकणाऱ्या सुया घासत बसलो, दोष मात्र सुयांचा नव्हताच. त्यामुळे 'तीच चिप' हा शब्दप्रयोग मी जपून करते.

चौकस: मग छापा ना!

सुईदोरा: छापून उपयोग नाही. एकाच कारखान्यातील दोन वेफरही तंतोतंत सारखे नसतात. सगळ्यांचीच कुंडली छापणार का?

मास्कवाला: चाचणीची झळ मी कमी धरली, हे मान्य. तरीही स्वतःचा फॅब उभारायला वर्षे लागतात आणि मागणी घटली की तीच यंत्रे गळ्यात पडतात. दुसरी फाउंड्री आधीच तयार ठेवणे त्यापेक्षा स्वस्त.

सिलिकॉनवेडा: 'आधीच' हे मलाही मान्य आहे. कालच्या आपल्या शेऱ्यात तो शब्द कोठे होता, तेवढे दाखवावे.