मिरवणुकीच्या मिनीडीव्ही टेपा: टिपरू हललं की कंगव्याचे दात

कोथरूडकर
लक्ष्मी रोडच्या विसर्जन मिरवणुकीच्या जुन्या मिनीडीव्ही (कॅमकॉर्डरच्या छोट्या डिजिटल) टेपा फायरवायर केबलने पीसीवर उतरवून घेतल्यात. डीव्ही फायली, ७२० बाय ५७६. इंटेलचा मिनी पीसी, लिनक्सवर कोडी हा व्हिडिओ प्लेअर, एचडीएमआयने टीव्ही. चित्र स्थिर असेल तर ठीक, पण ढोलावर टिपरू पडताना कडांना कंगव्यासारखे दात दिसतात. प्लेअरमधलं डीइंटरलेस (हे दात घालवायची सोय) चालू केलं की दात जातात, पण हालचाल अडखळते. सगळं प्रोग्रेसिव्ह (प्रत्येक फ्रेम एकसंध) करून मूळ फायली उडवू का?

पेठेतला
उडवू नका, तासाला फक्त १३ जीबीच्या आसपास जागा लागते.
एका फ्रेममध्ये दोन फील्ड, म्हणजे एकाआड एक रेघांची दोन अर्धी चित्रं असतात, १/५० सेकंदाच्या अंतराने टिपलेली. ती एकत्र दाखवली की दात दिसतात. तुमचं डीइंटरलेस बहुधा सेकंदाला २५ च फ्रेम देतंय, म्हणजे निम्मी हालचाल तिथेच गेली. व्हिडिओ चालू असताना कोडीच्या व्हिडिओ सेटिंग्जमध्ये नुसतं 'डीइंटरलेस' निवडा, 'हाफ' लिहिलेलं नको. व्हीएएपीआयचे (ग्राफिक्स चिपकडून व्हिडिओचं काम करून घेणारे) पर्याय शोधत बसू नका. डीव्ही ग्राफिक्सवर डीकोड होत नाही, ते काम प्रोसेसरच करतो आणि त्याला ते जड नाही.
मग टीव्ही. तो ६० हर्ट्झवर असेल तर दर पाचातली एक फ्रेम दोनदा दिसणार. प्लेअर सेटिंग्जमध्ये 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' हे 'ऑन स्टार्ट/स्टॉप'वर ठेवा आणि टीव्ही खरंच ५० हर्ट्झवर जातोय ना, ते त्याच्या माहिती पट्टीवर बघा.

रेघोट्या
एवढं करूनही टिपरू पुढे-मागे थरथरलं तर फील्डचा क्रम उलटा धरला जातोय. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, डीव्हीडीत बहुतेकदा वरचं.
पेन ड्राइव्हवर नातेवाइकांना द्यायची प्रत हवी असेल तर एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅममध्ये बीडब्ल्यूडीआयएफ हा डीइंटरलेसचा फिल्टर, मोड 'सेंड फील्ड' (प्रत्येक फील्डची एक फ्रेम), पॅरिटी 'बीएफएफ' (खालचं फील्ड आधी). मग आकार आटोपता करायला एक्स२६४ एनकोडर, सीआरएफ (दर्जाचा आकडा) १८. चित्राची लांबी-रुंदी बदलायची तर डीइंटरलेसनंतरच. आधी बदललीत तर दोन फील्डच्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि मग कोणताही फिल्टर त्या सोडवू शकत नाही. 'एचडी करून देतो' म्हणणारे नेमकं हेच करून ठेवतात.

कोथरूडकर
'हाफ'च होतं. एका टेपवर टीव्हीवरून घेतलेला सिनेमाही आहे, त्यालाही हेच?

पेठेतला
नाही. सिनेमात बहुधा दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असतात. डीइंटरलेस बंद करून, हालचालीच्या जागी पॉज करून बघा. दात नसतील तर त्या फाइलपुरतं बंदच ठेवा, नाहीतर बारीक तपशील फुकट जातो.