कथेवरच टिकून राहावं की कादंबरीकडे वळावं?

फेटलिंग_शॉप:
नमस्कार मंडळी. वय 29, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझर आहे. सेकंड शिफ्ट सुटली की घरी येऊन लिहितो. सहा वर्षांत दिवाळी अंकांत चार कथा आल्या. संग्रह घेऊन एका प्रकाशकांकडे गेलो, तर म्हणाले, "कथा कोण विकत घेतंय? कादंबरी असेल तर बघू." आपल्या कोल्हापूरच्या किरण गुरवांना कथेवरच साहित्य अकादमी मिळाली ना? मग? ग्राइंडर धरून दिवसभर कास्टिंग घासणारी पोरं मला तुकड्यातुकड्यांनीच दिसतात. ओढूनताणून तीनशे पानं करणं जिवावर येतं.

मंगळवार_पेठ:
होय, 2021 ची, 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'ला. त्याआधी 2016 ला आसाराम लोमटेंच्या 'आलोक'ला, 2012 ला जयंत पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'ला. तिन्ही कथासंग्रह. गुरवांनी 'जुगाड' ही कादंबरीही लिहिली, पण अकादमीचा मान मिळाला तो कथेला.

आता मुद्द्याचं. भावा, तुझ्या कथा किती पानांच्या आहेत? गुरव काय नि पवार काय, ही दीर्घकथेची माणसं. बाळू गावातनं शिकायला शहरात येतो, एवढंच सांगायचं तर चार पानं पुरली असती. पण त्याच्या आत काय काय हलतं ते दाखवायला जागा लागते, आणि ती जागा गुरव घेतात. कादंबरी आणि आखूड कथा यांच्यामध्ये ही मोठी वाट आहे. गुरवांचे 'श्रीलिपी' आणि 'राखीव सावल्यांचा खेळ' हे संग्रह पण वाच.

राधानगरीच्या_बाई:
मी शाळेत शिकवते. दहावीनंतर पोरं कोल्हापूरला जातात. पहिल्या सुट्टीला परत आली की "हाय"चं "आहे" झालेलं असतं, आईशी बोलतानासुद्धा. बाळू वाचताना मला माझा अख्खा वर्ग दिसला. कितीतरी दिवस ते पुस्तक उशाशी होतं.

जयंत पवारांनी गिरणी कामगारांचं घर आधी 'अधांतर' नाटकात मांडलं, नंतर कथांमध्ये. पोटापाण्याला पत्रकारिता. लोमटेही पत्रकारच. तेव्हा नोकरी सोडायचा विचार मनात आणू नका, आणि फौंड्रीबद्दल लिहिणंही सोडू नका. कारखान्यातली भाषा तुमच्याइतकी कुणाकडे आहे?

फेटलिंग_शॉप:
बाई, मंगळवार पेठवाले, दोघांचेही आभार. खरं सांगतो, माझी एक कथा मुळात अडतीस पानांची होती. फेटलिंगमधल्या, म्हणजे कास्टिंग घासायच्या खात्यातल्या, एका पोराचं बोट जातं आणि तो दुसऱ्या दिवशी पाळीला हजर होतो. अंकात जागा नाही म्हणून मीच ती बारा पानांवर आणली. त्यात त्याच्या बहिणीचं सगळं गेलं. जुनी वही कपाटात आहे, आज काढतो.

मंगळवार_पेठ:
काढच. रविवारी सकाळी मी करवीर नगर वाचन मंदिरात असतो, भवानी मंडपाजवळ. वही घेऊन ये. बहिणीसकट.