मदत हवी आहे: कधीच न संपणारा नरक न्याय्य कसा?

नमस्कार मंडळी. आमच्या अभ्यासमंडळात मला या विषयावर बोलायचंय आणि एका जागी गाडी अडली आहे.

साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यातल्या पापाला अनंतकाळची शिक्षा, हे प्रमाण बसतं कसं? ख्रिस्ती परंपरेतलं एक जुनं उत्तर अ‍ॅन्सेल्म या मध्ययुगीन धर्मपंडिताच्या वळणाचं: गुन्हा किती मोठा, हे तो कोणाविरुद्ध केला यावर ठरतं. ईश्वर अनंत, म्हणून अपराधही अनंत. मला हे पटत नाही. राजाला थप्पड मारली तर सुळावर, गड्याला मारली तर किरकोळ दंड, असला न्याय आपण केव्हाच टाकून दिला. नरकात यातना कमी-जास्त असतात म्हणे, पण मुदत सगळ्यांना तीच!

दुसरं उत्तर जास्त दमदार आहे. नरकातही माणूस देवाला नाकारतच राहतो, म्हणून शिक्षा चालूच राहते. बरं, पण त्याला तिथे पश्चात्ताप झाला तर?

भागवताच्या पाचव्या स्कंधातले नरक भोग संपला की सुटतात, त्यामुळे हा प्रश्न आपला नाहीच असं वाटत होतं. पण द्वैत वेदान्ताचे प्रवर्तक मध्वाचार्यांनी 'तमोयोग्य' (अंधारालाच पात्र) जीवांना कायमचं अंधतमस, म्हणजे घोर अंधाराचा नरक, सांगितलंय, तेही जीवाच्या मूळ स्वभावामुळे. स्वभावच अनादि, तर दोष कोणाचा?

द्वैत वेदान्त वाचलेल्यांनी कृपया सांगा, माध्व पंडित यावर काय म्हणतात? मराठीतलं काही वाचायला सुचवलंत तर फारच उत्तम. फक्त 'ज्याचं त्याचं कर्म' म्हणून बोळवण करू नका.