विषय: पासपोर्ट, मत आणि कौन्सिलचं पत्र

नमस्कार मंडळी,

आयएलआर, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी, मिळाली. आता ब्रिटिश नागरिकत्व घ्यावं का, यावर घरात रोज खल चालतो. भारतीय पासपोर्ट सोडावा लागणार. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, मिळालं तरी भारतात मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. शिवाय इथल्या कौन्सिलकडून, म्हणजे स्थानिक पालिकेकडून, मतदार नोंदणीचं पत्र आलंय. ते आपल्यासाठी नसणारच ना? मत ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचं; तो पूर्वी लाल होता, आता निळा आहे म्हणा. तो हाती येईतो आपण पाहुणेच.

— रीडिंगहून

----

अहो, पत्र टाकू नका! भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले, त्यामुळे व्हिसावर इथे राहणाऱ्यालाही पार्लमेंटसाठी मत देता येतं. विद्यार्थ्यालासुद्धा. वीस वर्षं इथे काढलेल्या फ्रेंच शेजाऱ्याला ते नाही, कौन्सिलपुरतं काय असेल तेवढंच. केंद्रावर भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो. १८९२ साली दादाभाई नौरोजी फिन्सबरीतून निवडून आले ते ५ मतांनी, तेव्हा एका मताने काय होतं हे मला सांगू नका. नागरिकत्वाचं सावकाश ठरवा.

— हॅरोहून, काका

----

काका, हक्क आहे हे खरं, पण मला ते अवघडच वाटतं. भारतात राहणाऱ्या ब्रिटिश माणसाला आपण मताचा हक्क देतो का? ब्रिटिश सरकारच्या मे २०२५च्या श्वेतपत्रिकेत सेटलमेंटची, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीची, मुदत ५ वरून १० वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव आला. वारं असं असताना 'परके मतं देतात' म्हणून कोणी बोट दाखवायला नको.

— लेस्टरहून

----

लेस्टरकर, बोट दाखवणारे मत न देणाऱ्यालाही दाखवतात. आणि हा हक्क कोणी दया म्हणून दिलेला नाही. साम्राज्यात सगळे 'ब्रिटिश प्रजाजन' होते, त्याचा तो उरलेला धागा. उद्या कायदा बदलला तर बदलला. मात्र त्या १० वर्षांवर खासदाराला जाब विचारायचा, तर मतदार म्हणून विचारलेला बरा. दुसरं, यादीत नाव आलं आणि इथे ५ वर्षं झालेली असली की इंग्लंडात ज्युरीचं बोलावणंही येऊ शकतं, पासपोर्ट कुठलाही असो. शेजाऱ्याच्या खटल्याचा निकाल द्यायला बसवतात, तो कसला पाहुणा?

— काका

----

काका, नोंदणी केली, पाच मिनिटांत झाली. ज्युरीचं वाचून सौ. म्हणतेय, आधी तिचं नाव घालायला हवं होतं, निवाडे तीच चांगले करते. पासपोर्टचा खल चालूच आहे.

— रीडिंगहून