मदत हवी आहे: पश्चिमेची गॅलरी, जास्वंद आणि शेडनेट

नमस्कार मंडळी, आम्ही खारघरला, वरच्या मजल्यावर. गॅलरी पश्चिमेला आणि कठडा काचेचा, त्यामुळे मार्च लागला की दुपारनंतर कुंड्या अक्षरशः भाजतात. सकाळी पोटभर पाणी देऊनही चारच्या सुमारास जास्वंद मान टाकते, ऊन उतरलं की आपोआप ताठ होते. म्हणजे मुळं शाबूत असावीत. संध्याकाळी माती बोटभर खोल ओलीच लागते, म्हणून वर आणखी पाणी ओतत नाही.

शेडनेट (सावलीची जाळी) ५० टक्के ऊन अडवणारी घ्यावी की ७५? मोगऱ्याला फुलायला ऊन हवंच, ७५ मध्ये तो रुसेल अशी भीती वाटते. हिरवी की पांढरी, हेही सांगा. सोसायटीला बाहेरून काही बांधलेलं चालत नाही (कपडे वाळत घातलेले मात्र चालतात!), तेव्हा आतून कशी ताणलीत?

दुसरं, जास्वंदीच्या शेंड्यांवर, कळ्यांच्या देठाशी कापसासारखा मिलीबग (रस शोषणारी कीड) बसलाय आणि मुंग्यांची रांग लागलीय. लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि थोडा भांडी घासायचा लिक्विड साबण, ऊन गेल्यावर फवारते. पण मुंग्या मिलीबग पुन्हा पसरवतात. त्यांचा बंदोबस्त कसा करता?

कढीपत्त्याची कुंडी मुळांनी गच्च भरलीय. आत्ता बदलू की पावसाची वाट पाहू? नुसतं आच्छादन चालणार असेल तर नारळाच्या शेंड्या घरात पडून आहेत.

नर्सरीवाले प्रत्येक प्रश्नावर नवीन खतच पुढे करतात. त्यामुळे घरच्या अनुभवाचं सांगा.